शिक्का: वाचले, हरकत नाही

आत्याबाईंना वस्तू पारखण्यासाठी ती हातात घ्यावी लागत नसे. कापड असो, कलिंगड असो, भाडेकरू असो की मुलाने पसंत केलेली मुलगी असो, लांबून एक नजर टाकली की आतला माल कसा आहे ते त्या सांगून मोकळ्या होत. मुलीच्या बाबतीत त्यांनी सांगितलं होतं, "चष्मा आहे, म्हणजे उलट उत्तरं देणार." ती मुलगी पुढे सून झाली, सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागली, आणि आजवर तिने एकही उलट उत्तर दिलं नव्हतं. आत्याबाईंच्या मते ती उत्तरं साठवून ठेवत होती. मुलगा बिचारा दोघींच्या मधे वर्तमानपत्र उभं धरून सहा वर्षं बसला होता.

त्याच वाचनालयाच्या निवड समितीच्या आत्याबाई तीस वर्षं अध्यक्ष होत्या. शाळा त्यांनी तिसरीत सोडली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, शाळेकडे त्यांना शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुकानाची पाटी, बसचा नंबर आणि स्वतःचं नाव एवढं त्या नीट वाचत. त्यापुढे अक्षरांची रांग लागली की त्यांचा चष्मा नेमका घरी राहिलेला असे.

आता अशा बाईने पुस्तकं निवडायला काहीच हरकत नव्हती, पण वाचनालयाचा एक जुना नियम होता. समितीतल्या कुणीतरी एकाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय पुस्तक कपाटात लावायचं नाही. वाचून झालं की आतल्या पानावर जांभळा शिक्का मारायचा, 'वाचले. हरकत नाही', आणि खाली सही करायची.

शिक्का आत्याबाईंच्या पिशवीत असे. पद्धत ठरलेली होती. पुस्तक घरी न्यायचं, उशाशी ठेवायचं, आठ दिवस जाऊ द्यायचे, नवव्या दिवशी शिक्का मारायचा. कुणी विचारलं, "आत्याबाई, कसं आहे हो?" तर त्या डोळे बारीक करून म्हणत, "शेवट मनाला लागतो." जाड पुस्तक असलं तर आधी "मधे जरा रेंगाळलंय" असंही म्हणत. एकदा शब्दकोशाबद्दलही त्यांनी हे दोन्ही सांगितलं होतं आणि विचारणाऱ्याने गंभीरपणे मान हलवली होती. सबंध पेठेत त्यांच्याइतकं वाचलेली बाई नाही अशी त्यांची ख्याती होती. ही ख्याती त्या पदरासारखी सावरून चालत.

आणि मग मुख्य कार्यालयाचं पत्र आलं.

"मुलं वाचनालयात फिरकत नाहीत म्हणून किशोर विभाग सुरू करायचाय," सूनबाईने समितीच्या बैठकीत वाचून दाखवलं. "तीन टीव्ही आणि गेम खेळायची तीन यंत्रं आलेली आहेत. बारा गेम आपण निवडायचे. महिनाअखेर तपासनीस येतील. गेम कपाटात लागलेले दिसले आणि मुलं ते वापरताना दिसली, तर विभाग राहील."

"नाही दिसली तर?" औषधवाल्यांनी विचारलं. चौकातलं औषधांचं दुकान मुलाकडे सोपवल्यापासून ते समितीत होते, आणि प्रत्येक गोष्टीचे दुष्परिणाम आधी विचारत.

सूनबाईने पत्राची घडी घातली. "तर विभाग बंद. आणि माझी नेमणूक या विभागावरच दाखवलीय. सहा वर्षं कंत्राटावर आहे. विभाग राहिला तर कायम होईन, नाहीतर महिनाअखेर घरी."

आत्याबाईंच्या डोळ्यांपुढे सून दिवसभर घरात, असं एक चित्र उभं राहिलं. ते त्यांना मुळीच आवडलं नाही. स्वयंपाकघर एकच होतं.

"बारा गेम ना? आणा इकडे. पाच मिनिटांचं काम आहे," त्या म्हणाल्या.

दुकानदाराने पसंतीसाठी चाळीस डबे पाठवले होते. सूनबाई हळूच म्हणाली, "अध्यक्ष, प्रत्येक डब्यावर वय लिहिलेलं असतं. कुठला गेम बाराच्या पुढच्यांना, कुठला अठराच्या. त्यावरून निवडले तर..." घरात ती त्यांना आई म्हणे, वाचनालयात अध्यक्ष. हा फरक ती पंखा आणि दिवा यांच्या बटनांसारखा पाळायची.

"वय कुणी लिहिलंय?"

"बनवणाऱ्यांनीच."

"म्हणजे मालाचं कौतुक मालकाने केलंय. माझं लग्न ठरवताना मध्यस्थाने यांचं वय असंच लिहून दिलं होतं."

पुढचं पाच मिनिटांत उरकलं. ज्या डब्यावर दात दिसत होते तो बाद. ज्यावरच्या बाईला कपडे कमी पडले होते तो बाद. दोन डब्यांवर रक्त होतं, पैकी एकावर ते पावाला लावायचं जाम निघालं, तरी बादच. अंगभर कोट, हातात छोटी पेटी आणि भांग नीट पाडलेला एक गृहस्थ ज्या डब्यावर उभा होता, तो त्यांनी सगळ्यांत वर ठेवला. "हा विम्याचा माणूस दिसतोय. मुलांपुढे असा आदर्श हवा."

सूनबाईने डब्याची मागची बाजू वाचली, तोंड उघडलं, आणि मिटलं. वय तेरा लिहिलेलं होतं, किशोर विभागात बसत होतं.

"चला, झालं," हेडमास्तर म्हणाले. ते निवृत्त झाल्याला सतरा वर्षं झाली होती, पण अजून घंटा झाल्यासारखे उठत. "उद्या कपाटात लावा."

"लावा काय?" आत्याबाई कडाडल्या. "नियम आहे. वाचल्याशिवाय कपाटात नाही. चार तुम्ही न्या, चार यांना द्या, चार मी नेते."

"पण अध्यक्ष, हे गेम आहेत."

"आज गेमला सूट दिली तर उद्या लोक विचारतील, पुस्तकांना तरी नियम कशाला होता." आणि हे मात्र आत्याबाईंना खरंच नको होतं. असले प्रश्न एकदा सुटले की ते कुठे जाऊन थांबतील याचा नेम नसतो.

चार डबे आठ दिवस त्यांच्या उशाशी राहिले. नवव्या दिवशी दुपारी त्या शिक्का घेऊन किशोर विभागात हजर झाल्या. बाहेर व्हरांड्यात पंधरावीस मुलामुलींची रांग लागलेली होती. आजवर एवढी मुलं वाचनालयात फक्त पाऊस आडवा लागल्यावर आली होती. रांगेत सगळ्यांत पुढे चौदा वर्षांची एक मुलगी होती. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणत.

"आजी, वाचून झाले?" टाचणीने विचारलं.

"झाले. शेवट मनाला लागतो."

"चारही?"

"चारही."

टाचणीने डोकं खाजवलं. "तुमच्या घरी यंत्र आहे?"

"कसलं यंत्र?"

"गेमचं. डबा नुसता ठेवून काही दिसत नाही, आजी. चकती यंत्रात घालावी लागते."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. आत्याबाईंचा शिक्का हवेतच थांबला. तीस वर्षांत पहिल्यांदाच मालाने दगा दिला होता. पुस्तक बिचारं मुकं असतं, वाचलं की नाही ते कुणाला सांगत नाही.

"मला ठाऊक नाही होय?" त्या म्हणाल्या. "आठ दिवस मी डब्यावरचं वाचत होते. आतलं वाचायला आज बसणार आहे. खुर्ची आणा."

सूनबाईने यंत्रांत प्रत्येक सभासदाचं नाव घालून ठेवलं होतं. चकती आत गेली, आणि पडद्यावर हातभर अक्षरांत उमटलं: आत्याबाई, पूर्ण शून्य टक्के. त्यांनी वाचलं नाही, पण वाटोळं शून्य ओळखलं. यंत्र चहाडखोर होतं. सुनेपेक्षाही.

मग जे सुरू झालं त्याला निवड म्हणायचं की आजारपण, हे सांगणं कठीण आहे.

हेडमास्तरांच्या वाट्याला मोटारींची शर्यत आली. ते गाडी सुरू करण्याआधी आरसे बघत. चौकात थांबत. पादचाऱ्यांना आधी जाऊ देत. मागून येणाऱ्याला वाट देण्यासाठी गाडी बाजूला घेत, आणि मागून तर सगळेच येत. तीन दिवस ते ओळीने शेवटचे आले, आणि प्रत्येक वेळी मुलांकडे वळून म्हणाले, "पण एकही नियम मोडला नाही, हे लक्षात घ्या." पुढची शर्यत उघडायला आधीचीत पहिलं यावं लागतं. टक्के तीन.

औषधवाल्यांकडे जंगल आणि तलवारीचा गेम होता. वाटेत जागोजाग औषधांच्या बाटल्या मिळत, जखम झाली की प्यायच्या. त्यांनी एकशेचाळीस बाटल्या गोळा केल्या, रंगाप्रमाणे लावल्या, आणि एकही प्यायले नाहीत. "मुदत लिहिलेली नाही यांच्यावर," ते म्हणत, आणि दर पाच मिनिटांनी पहिल्याच राक्षसाच्या हातून शांतपणे मरत. टक्के दोन.

आणि आत्याबाई विम्याच्या माणसाला घेऊन बसल्या. पडद्यावर अक्षरं आली की त्यांचा हात चष्म्याकडे जाई, चष्मा नाकावरच असे, आणि हात परत येई. टाचणीने हे दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आजी, मला मोठ्याने वाचायची खोड आहे. चालेल ना?" आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता तिने वाचायला सुरुवात केली. ही मुलगी पुढे काहीतरी होणार, असं आत्याबाईंनी लांबून नव्हे, जवळून पाहून ठरवलं.

"'मध्यरात्री बंगल्यात शिरा. कुणाला चाहूल लागू देऊ नका. कपाटं उघडा.'"

"हा विम्याचा माणूस नाही?"

"चोर आहे, आजी."

एवढ्यावर गेम बाद करायला हवा होता. पण एकदा वाचायला घेतलेलं बाद करायलाही पूर्ण वाचावं लागतं, असं नियमाचं दुसरं वाक्य होतं आणि ते आत्याबाईंनी स्वतःच घालून घेतलेलं होतं. "बघू तरी हा मेला करतो काय," म्हणत त्या पुढे झाल्या.

आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की या कामासाठी आत्याबाई जन्माला आल्या होत्या. पाऊल न वाजवता दाराशी जाऊन उभं राहायचं, आतलं बोलणं ऐकायचं, कुणी वळलं तर पडद्याआड व्हायचं, आणि घरचे बाहेर गेले की एकेक कपाट उघडून बघायचं. सून घरात आल्यापासून सहा वर्षं त्या हा सराव रोज करत होत्या, आज प्रथमच त्याचे गुण मिळाले. पहिला बंगला त्यांनी एका बैठकीत साफ केला. दागिने घेतलेच, वर निघताना ओट्यावरचं उघडं भांडं झाकलं. "माशा बसतात," त्या म्हणाल्या. मागची वीस मुलं श्वास रोखून बसली होती.

"आजी, डावीकडे माळी आहे."

"पाहिलाय. आळशी आहे तो. आता बसेल."

माळी बसला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दोन आठवडे असेच गेले. वाचनालय उघडलं की समिती खुर्च्या अडवून बसे, ते बंद होईपर्यंत. मुलं सतरंजीवर बसून बघत आणि आळीपाळीने हताश होत. सूनबाई दिवसातून चारदा दारात येई. "अध्यक्ष, निदान एखाद्यावर तरी शिक्का मारा. आठच दिवस उरलेत."

"अर्धवट वाचून शिक्का मारू? मी?"

"मुलांना हात लावायला मिळालेला नाही अजून."

"नियम कुणासाठी आहे? मुलांसाठीच ना?"

सूनबाई चष्मा काढून पदराच्या टोकाने पुसत राहिली, आणि तो आधीच स्वच्छ होता.

तपासनीस आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. उंच, वाकलेले गृहस्थ. काखेत फाइल, एक डोळा घड्याळावर. त्यांनी फाइल टेबलावर उघडून ठेवली आणि किशोर विभागाच्या दारातून आत पाहिलं. तीन टीव्हींपुढे तीन वृद्ध माणसं बसली होती. त्यांतले एक चौकात थांबले होते. वीस मुलं भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत होती.

"मुलं खेळत नाहीत?"

"समितीचं वाचन चालू आहे," सूनबाई म्हणाली.

"कपाट?"

कपाट उघडलं. आत नवा कागद अंथरलेला होता, आणि त्यावर काहीच नव्हतं.

तपासनीसांनी नोंदवही उलटली. "किशोर विभागाचा वापर करणारे तीन. सरासरी वय एकाहत्तर." त्यांनी वही मिटली. "बाई, समितीने वाचलं नाही म्हणून गेम कपाटात नाहीत. कपाटात नाहीत म्हणून विभाग सुरू नाही. सुरू नाही म्हणून तुमचं पद नाही. मला वाईट वाटतं. पण तुमचाच नियम आहे, आणि तो तुम्ही तीस वर्षं पाळलात. आता मोडा असं मी कसं सांगू?"

सूनबाईने मान हलवली. तिने कमरेची किल्ल्यांची जुडी काढून टेबलावर ठेवली, आणि चष्मा काढून पुसायला लागली.

आत्याबाईंच्या हातात गेमचा रिमोट होता. पडद्यावर नगराध्यक्षांचा बंगला, शेवटची तिजोरी, आणि पायऱ्यांवर झोपलेला कुत्रा. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पुसल्या जाणाऱ्या चष्म्याकडे पाहिलं. मग रिमोट टाचणीच्या हातात दिला आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"साहेब, तो नियम कुणी पाळलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी पाळलेला नाही. तीस वर्षांत एक पुस्तक वाचलेलं नाही. उशाशी ठेवायचे आणि शिक्का मारायचे." पेठेतली सगळ्यांत जास्त वाचलेली बाई क्षणभर थांबली. "मला वाचता येत नाही म्हणा ना. बसचा नंबर सोडून."

हेडमास्तरांच्या गाडीमागचे भोंगे तेवढे वाजत राहिले.

मग हेडमास्तर घसा खाकरले. "तसं पूर्ण असं म्हणाल तर... मी अनुक्रमणिका बघत असे."

"मी किंमत आणि मागचं पान," औषधवाले म्हणाले. "आणि कुणाला त्रास झाल्याचं कधी ऐकलं नाही."

"म्हणजे या वाचनालयातली सात हजार पुस्तकं न वाचता कपाटात लागलीत?" तपासनीसांचा आवाज चढला. "हे मला वर कळवावं लागेल. असं न पाहता सही करणं म्हणजे..."

"साहेब," आत्याबाई म्हणाल्या. त्या टेबलावरच्या उघड्या फाइलवर वाकल्या होत्या. "हा कागद आजच्या तपासणीचा?"

"हो."

"मग वरचे सगळे रकाने कोरे, आणि खाली सही-शिक्का कसा? शाई तर चांगली वाळलेली आहे. दोनतीन दिवस झाले असतील." त्यांनी अंगठा शिक्क्यावरून फिरवला. "शिक्काही जुना आहे. अक्षर कळत नाही मला, पण न पाहता केलेली सही मी दहा हात लांबून ओळखते. जन्म गेलाय त्यात."

तपासनीसांनी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळात मदत करण्यासारखं काही नव्हतं.

"वेळ वाचावा म्हणून मी कार्यालयातूनच..." ते म्हणाले, आणि खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी पेन काढलं. "जो नियम कधी पाळलाच नाही, तो रद्द समजायला हरकत नसावी. गेम आत्ता कपाटात लावा. मुलांना द्या. मी येथेच बसून बघतो. यावेळी खरंच बघतो."

त्यांनी रकाने भरले. मग मुलांच्या गर्दीत उभं राहून शर्यतीची एक फेरीही बघितली. विभाग चालू, पद कायम.

ते गेल्यावर आत्याबाई टेबलाशी आल्या. किल्ल्यांची जुडी उचलून सुनेच्या हातात दिली. "हसायचं तर आता हसून घे. घरी गेल्यावर हसलीस तर खपवून घेणार नाही."

"मला ठाऊक होतं, आई," सूनबाई म्हणाली. वाचनालयात आई म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

"कधीपासून?"

"नोकरीला लागले त्या आठवड्यापासून. छापखान्यातून पुस्तकं येतात त्यांत कधीकधी पानांच्या कडा जोडलेल्या राहतात. तुम्ही शिक्का मारून पाठवलेल्या पुस्तकांतही त्या तशाच असायच्या. वाचकांना संशय नको म्हणून मी पट्टीने कापून ठेवायची."

आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सहा वर्षं साठवलेलं उलट उत्तर हे होतं तर.

"पट्टीने कापतेस म्हणूनच कडा वाकड्या येतात," त्या म्हणाल्या. "सुरी घ्यावी."

संध्याकाळपर्यंत बारापैकी अकरा गेम मुलांनी घरी नेले. मोटारींचा गेम नेणाऱ्याला हेडमास्तरांनी दारापर्यंत सोडत चौकातले नियम समजावून सांगितले. बारावा डबा तेवढा रिकामा होता. त्याची चकती यंत्रात होती, आणि यंत्रापुढे आत्याबाई.

टाचणी हातात चिठ्ठी घेऊन उभी राहिली. "आजी, याच्यासाठी माझा नंबर पहिला आहे."

"शिक्का कुठाय त्यावर?"

"नियम रद्द झाला ना?"

"नियम झाला. माझं वाचन व्हायचंय."

"किती दिवस लागतील?"

"तू मोठ्याने वाचशील त्यावर आहे."

टाचणीने उसासा टाकला, चिठ्ठी खिशात घातली आणि सतरंजीवर बसकण मारली. "बरं, कसा आहे तेवढं तरी सांगा."

तीस वर्षांचं घोटलेलं उत्तर आत्याबाईंच्या जिभेच्या टोकावर आलं. त्यांनी ते गिळलं.

"शेवट अजून कळायचाय," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्यांवरच्या कुत्र्याने सतराव्यांदा त्यांच्या चोराची पोटरी धरली.